आडवा पडलेला तुकडा

थोरल्याने तक्ता केला होता. बस डेपोत वेळापत्रकं आखण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. घरात काही उपटलं की तो आधी पट्टी शोधायचा. धाकटीच्या परीक्षांचा तक्ता झाला होता, गळक्या टाकीचा झाला होता, आता वडिलांच्या जठराचा झाला. डावीकडचा रकाना ‘औषध घेतलं तर’, उजवीकडचा ‘नाही घेतलं तर’, आणि तळाशी लाल शाईत ‘बुधवार’. कॅन्सरच्या डॉक्टरांनी बुधवारपर्यंत काय ते कळवायला सांगितलं होतं. ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते आणि औषध द्यायचंच तर ते आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता.

ज्यांच्या जठराचा तक्ता होता ते पेंटर समोर उशीला टेकून सँडविचकडे संशयाने बघत बसले होते. दोन तृतीयांश जठर काढून टाकल्यापासून त्यांना दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं लागे, आणि हे रविवारचं चौथं जेवण होतं. उभ्या आयुष्यात गावातली निम्मी दुकानं, शाळा आणि दवाखाने ज्यांच्या अक्षरांनी ओळखले जात, तो सहा फुटी माणूस आता स्वतःच्याच शर्टात सैल झाला होता. जीभ तेवढी होती तशीच होती.

“तुझी अक्षरं दाटीवाटीने बसलीत,” तक्ता हातात घेऊन ते म्हणाले. “उजव्या रकान्याला तर तू जागाच ठेवली नाहीस.”

थोरल्याने ते मुद्दामच केलं होतं. औषध घ्यायलाच हवं, यावर तो ऑपरेशनच्या दिवसापासून अडून बसला होता. आईही त्याच्या बाजूची होती, पण ती नवऱ्यासमोर तसं बोलत नसे. ती फक्त कपाटावरची धूळ जरा जोरात झटकायची. पेंटरांचा नकार होता आणि त्याचं कारण त्यांनी डॉक्टरांच्या तोंडावर सांगून टाकलं होतं. सहा महिने सलाइनमधून जे औषध देणार, त्याने हातापायांची बोटं बधिर होतात. काहींची पुन्हा ताळ्यावर येतात, काहींची येत नाहीत. हे ऐकल्यावर पेंटरांनी डॉक्टरांचं पुढचं बोलणं ऐकलंच नाही. ज्या बोटांनी ब्रशच्या केसांवर किती रंग आहे हे न बघता कळतं, ती बोटं देऊन आयुष्य घ्यायचं, तर त्या आयुष्यात दिवसभर करायचं काय, असा त्यांचा सवाल होता. घरात त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून सगळे त्याला हट्ट म्हणत.

खरी अडचण रिपोर्टची होती. डॉक्टरांनी समजावलं होतं की गाठ केवढी मोठी आहे त्यापेक्षा ती जठराच्या भिंतीत किती आत घुसली आहे आणि एखाद्या रक्तवाहिनीत शिरली आहे का, यावर पुढचं सगळं ठरतं. आसपासच्या सतरा ग्रंथी स्वच्छ निघाल्या होत्या. आता गाठ भिंतीच्या स्नायूतच थांबली असेल आणि वाहिन्या मोकळ्या असतील तर नुसती देखरेख पुरेल. बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली असेल, किंवा वाहिनीत शिरली असेल, तर औषध. आणि नेमक्या याच दोन ओळींपुढे रिपोर्टात लिहिलं होतं, ‘किमान स्नायूच्या थरापर्यंत. तीन नंबरचा तुकडा तिरका कापला गेल्याने नेमकी खोली व वाहिन्यांची स्थिती सांगता येत नाही.’

“सांगता येत नाही म्हणजे गाडी कुठे आहे ते माहीत नाही,” थोरला म्हणाला. “अशा वेळी आम्ही गाडी उशिरा आहे असंच धरतो.”

“आणि प्रवाशाला विचारत नाही,” पेंटर म्हणाले.

धाकटी खिडकीपाशी बसली होती. ती हॉस्पिटलच्या तपासणी विभागात कामाला होती. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या ठोकळ्यांचे कागदाहून पातळ काप काढायचे आणि काचांवर घ्यायचे, हे तिचं काम. घरात या विषयावर तिच्याइतकं कळणारं त्या क्षणी दुसरं कुणी नव्हतं, आणि तीच सकाळपासून गप्प होती. थोरल्याला वाटलं, बिचारीला धक्का बसलाय. त्याने तक्त्यात तिच्यासाठी एक वेगळा रकाना ठेवला होता, ‘तज्ज्ञ मत’, आणि तो रिकामा होता.

आत्या आली ती कुणी बोलावलं नसताना आणि सगळ्यांना ती येणार हे माहीत असताना. पेंटरांची ही मोठी बहीण त्याच विभागात, त्याच टेबलावर चौतीस वर्षं होती. धाकटीला चिमटा धरायला तिनेच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर तिला घरात करमत नव्हतं आणि घराला तिच्याशी करमत नव्हतं, कारण ती बटाटे कापणाऱ्या माणसाचा हातही सुधारायची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं तिने टाळलं होतं. आल्या आल्या तिने भावाच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, “छोट्या, वाळलास रे,” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता रिपोर्ट हातात घेऊन भिंगातून वाचायला लागली.

तिसऱ्या ओळीवर ती थांबली. मग हसली. ते हसू बघून आईने हातातलं फडकं खाली ठेवलं, कारण चाळीस वर्षांच्या अनुभवावरून नणंद अशी हसली की कुणाची तरी खैर नसते हे तिला ठाऊक होतं.

“आडवा पडलाय,” आत्या म्हणाली.

कोण, असं थोरल्याने विचारल्यावर तिने पेंटरांच्या ताटलीतलं सँडविच उचललं. पेंटरांनी हे आपलं जेवण असल्याची आठवण करून दिली, ती कुणी मनावर घेतली नाही. आत्याने सँडविच कडेवर उभं धरलं आणि सुरीने वरून एक काप काढून टाकला. आता ब्रेड, लोणी, अंडं, पुन्हा ब्रेड असे सगळे थर एकाखाली एक स्वच्छ दिसत होते. मग उरलेलं सँडविच तिने ताटलीत आडवं पाडलं आणि सुरी सपाट धरून वरचा पापुद्रा काढला. नुसता ब्रेड दिसला.

“भिंतीचा तुकडा मेणात असा उभा लावायचा असतो. मग आत काय कुठवर गेलंय ते एका नजरेत कळतं. आडवा पडला तर तू त्याच्या एकाच थरात सुरी फिरवत बसतोस. यात अंडं आहे की नाही सांग बघू?”

“होतं,” पेंटर म्हणाले, “तू यायच्या आधी.”

थोरल्याच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे रिपोर्टला माहीत नाही ते गाठीमुळे नाही, कुणाच्या तरी हातामुळे. आत्याने मान डोलावली. बाकीचे चार तुकडे कडेचे होते, सगळ्यात खोल जागा तिसऱ्यात होती आणि नेमका तिसराच पडला होता. आणि मग आत्याला रंग चढला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी तिचं बोलणं ऐकून घेत होतं. तुकडा लावणाऱ्याचा हात कसा असेल, तो जेवताना भात कसा सांडत असेल, त्याला चिमट्याऐवजी फावडं द्यायला हवं होतं, हे तिने साभिनय सांगितलं. मेण थिजायला चार-पाच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ ज्याला हात स्थिर ठेवता येत नाही, त्याने या खोलीत पाऊल ठेवू नये, असं ती म्हणाली. थोरला हसत होता. आईलाही हसू आलं.

धाकटीला सगळं ऐकू येत होतं आणि तिला त्या खोलीतली दुपार दिसत होती. विभागात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण आत्यानेच तो तिला पहिल्या आठवड्यात सांगितला होता. आपल्या माणसाचा तुकडा आपल्या टेबलावर घ्यायचा नाही. त्या दिवशी वडिलांचा नंबर शेजारच्या बाईंच्या ट्रेमध्ये होता. बाई चहाला गेल्या आणि धाकटीने ट्रे बदलून घेतला. कारण सोपं होतं. बाई काम करताना मोबाइलवर मुलाचा अभ्यास घेत. आपल्या बाबांना कुणी अभ्यास घेता घेता मेणात बुडवावं हे तिला सहन झालं नव्हतं. आपण नीट करू, आपल्याइतकं जपून कुणी करणार नाही, असं तिला वाटलं. पहिले दोन तुकडे झाले. तिसऱ्याला तिने चिमट्यात धरलं आणि अचानक तिला कळलं की हे बाबा आहेत. तुकडा निसटून आडवा पडला, मेण पांढरं झालं. मेण वितळवून तो पुन्हा उभा करायला एक मिनिट लागलं असतं. पण त्यांना पुन्हा चिमट्यात धरायचं धाडस तिला झालं नाही. तिने ठोकळा थंड पाटीवर ठेवला आणि चौथा तुकडा घेतला. त्यानंतर पाच आठवडे तिला धड झोप नव्हती.

“आणि वर या महाशयांनी,” आत्या सांगत होती, “तो तसाच पुढे ढकलला. चूक होते, माझ्या हातूनही झाली असेल—”

“कधी?” पेंटरांनी विचारलं. “तारीख सांग, आपण पाटी लावू.”

“—पण झाकली कशी? लाज कशी वाटली नाही?”

पेंटरांनी मग काही गंमत केली नाही. गेली पाच मिनिटं ते मध्येमध्ये जे बोलत होते ते बहिणीची गाडी दुसऱ्या रुळावर न्यावी म्हणून, पण ती गाडी त्यांना कधीच वळवता आली नव्हती. कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायला म्हणून काचांची एक छोटी पेटी तपासणी विभागाने घरी दिली होती. ती आली त्याच दिवशी पेंटरांनी उघडून पाहिली होती. काचांवरचं गुलाबी-जांभळं त्यांना काही कळलं नाही. पण प्रत्येक काचेच्या कडेला शिसपेन्सिलीने नंबर लिहिलेला होता, आणि आकडे त्यांना कळत. पाचाच्या आकड्याला तसं पोट काढायला त्यांनी एकाच मुलीला शिकवलं होतं, ती सहा वर्षांची असताना, हात धरून. आपल्या लेकीने आपलं काम स्वतःच्या हाताने केलं, याचं त्यांना तेव्हा कौतुकच वाटलं होतं. आता आत्या बोलत गेली तसं त्यांना बाकीचं उमगत गेलं.

“ताई, पुरे कर,” ते म्हणाले. “काचांवरचे आकडे माझ्या लेकीच्या हातचे आहेत.”

थोरल्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. आईने धाकटीकडे पाहिलं आणि तिला लगेच सगळं कळलं. पाच आठवडे ही पोरगी ताटातलं चिवडत का होती, बापाच्या खोलीत जाताना दारात का थांबत होती, याचं उत्तर आई उगाच नवऱ्याच्या दुखण्यात शोधत होती. तिने काही न विचारता जाऊन धाकटीच्या शेजारी बसकण मारली, अशी की आत्या आणि मुलगी यांच्या मध्ये आपण यावं.

धाकटीने सांगून टाकलं. ट्रे बदलल्यापासून ते थंड पाटीपर्यंत. रडली नाही, सलग सांगितलं. उद्या सकाळी मोठ्या बाईंना, म्हणजे विभागप्रमुखांना, सांगायचं असं तिने रोज रात्री ठरवलं होतं आणि रोज सकाळी बाई दारात दिसल्या की तोंड उघडलं नव्हतं.

यानंतरच्या अर्ध्या तासात घराची वाटणी दोनदा झाली. आधी थोरला आणि आई एका बाजूला गेले. थोरला म्हणाला, कुणाला काही सांगायची गरजच काय. रिपोर्टात शंका आहे, शंका असेल तर औषध घ्यायचं, बाबांनी औषध घेतलं की विषय संपला आणि हिच्या नोकरीवरही बालंट नाही. आईला हे इतकं पटलं की तिने पहिल्यांदाच उघडपणे मान डोलावली. तक्त्यात सगळं बसत होतं. फक्त त्यात पेंटरांची बोटं विनाकारण जाऊ शकत होती. हे थोरल्याच्या लक्षात आलं तेव्हा तो आपणच आपल्यावर वैतागला आणि पेन्सिल कानामागे खोचून बसला. मग पेंटर म्हणाले की त्यापेक्षा औषधच नको, रिपोर्ट आहे तसा राहू दे, माझी बोटं राहतील आणि हिची नोकरीही. यावर आई थोरल्याची बाजू सोडून उठली. नोकरी वाचवायला तुम्ही मरायला निघालात का, हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की पेंटरांनी ताटलीतला सपाट कापलेला ब्रेड उचलून मुकाट खाल्ला.

या सगळ्यात आत्या ओशाळली होती. इतकी की तिला भिंग पर्समध्ये ठेवता येईना. ज्याला ती फावडं द्यायला निघाली होती तो हात तिनेच घडवला होता. ती उठून धाकटीसमोर गेली. आई मध्ये होती ती सरकली नाही, त्यामुळे आत्याला वहिनीच्या खांद्यावरून बोलावं लागलं.

“मीही घेतला होता,” ती म्हणाली. “आईचा.”

पेंटरांनी मान वर केली. आईला, म्हणजे या दोघांच्या आईला, हाच आजार होता. त्या वेळी पेंटर पंचविशीचे होते.

“तेव्हाही नियम होताच. मी घेतला. संध्याकाळी सगळे गेल्यावर काचही पाहिली. पार बाहेरच्या आवरणाला भोक पाडून गेला होता. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी घरात सगळ्यांना चहा करून देत होते. तू विचारायचास, ताई, रिपोर्ट कधी येणार. मी म्हणायचे, येईल.” मग ती धाकटीकडे वळली. “नियम मी तुला त्यासाठी सांगितला होता गं. नीट होत नाही म्हणून नाही. एकटीला कळतं म्हणून.”

पेंटर बहिणीकडे बघत राहिले. त्यांना ते नऊ दिवस आठवत होते. त्या दिवसांत बहीण चिडचिड करते म्हणून ते तिच्याशी भांडले होते.

“पण मी उभा लावला होता,” आत्या म्हणाली.

धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती पाच आठवड्यांचं रडली. आई तेव्हा बाजूला सरकली. आत्याने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच कामाचं विचारलं. ठोकळ्यात तुकडा किती उरलाय? बराच, धाकटी म्हणाली, वरवरचेच काप निघालेत. मग वितळवायचा, उभा करायचा आणि पुन्हा कापायचा, आत्या म्हणाली, त्यात काय मोठं. फक्त तू नाही आणि मीही नाही. आणि बाईंना तू सांगायचंस.

“उद्या सांगते,” धाकटी म्हणाली.

थोरल्याने तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सोमवार, मंगळवार, बुधवार लिहिलं.

मोठ्या बाई कमी बोलायच्या आणि त्यांचं कमी बोलणं लोक घाबरून ऐकत. सोमवारी सकाळी धाकटीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि चुकांच्या वहीत हे स्वतःच्या हाताने लिहायला सांगितलं. तिने लिहिलं. तीन महिने तुकडे लावायचं काम बंद, काप काढायचं चालू, एवढीच शिक्षा झाली. ‘तुमच्या आत्या चौतीस वर्षांत एकदा या वहीत लिहून गेल्यात,’ असं बाई वही मिटताना म्हणाल्या, पण काय ते त्यांनी सांगितलं नाही.

तुकडा शेजारच्या बाईंनी लावला, मोबाइल बंद ठेवून. आत्याला आत प्रवेश नव्हता, म्हणून ती पॅसेजमधल्या बाकावर बसून होती आणि दार उघडलं की आत डोकावून मेण फार गरम आहे का विचारत होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर शेजारच्या बाईंनी दार लावून घेतलं. मग आत्या शेजारी बसलेल्या अनोळखी पेशंटला मेणाबद्दल सांगत राहिली.

मंगळवारी दुपारी बाईंनी धाकटीला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. पहिली काच लावली आणि शेजारच्या पडद्यावर दाखवली. थर आता एकाखाली एक होते, आत्याच्या सँडविचसारखे. आतलं अस्तर, त्याखालचा विरळ थर, मग स्नायू. गाठ स्नायूत अर्ध्यावर थांबली होती आणि बाहेरचं आवरण अखंड होतं. धाकटीने आनंदाने पुढची काच उचलून बाईंना दिली. दुसरी काच तशीच. तिसरी, चौथी, पाचवी तशीच. बाईंनी सहावी लावली आणि खुर्ची सोडली.

“तुम्हीच बघा. नियमात बसत नाही, पण वहीत मी लिहीन.”

एका लहानशा वाहिनीत, भिंतीला टेकून, पेशींचा एक घोळका होता. दहा-बारा असतील.

बाई म्हणाल्या, वाहिनीत शिरकाव आहे, नक्की आहे, तसंच लिहावं लागेल. कॅन्सरचे डॉक्टर औषध द्या म्हणतील आणि ते बरोबर ठरेल. मग निघता निघता त्या आणखी एक बोलल्या. तुकडा पहिल्याच दिवशी उभा लागला असता तर एका काचेवर स्नायू दिसला असता, वाहिन्या मोकळ्या दिसल्या असत्या, आणि कुणी सहावा काप काढलाच नसता.

पॅसेजमध्ये धाकटीने हे आत्याला सांगितलं. आत्याने डोळे पुसले, पण हिशेब तिला मान्य नव्हता.

“चूक ती चूकच,” ती म्हणाली. “उगाच चढून जाऊ नकोस.”

मग ती म्हणाली की छोट्याला आपण दोघी मिळून सांगू. धाकटी म्हणाली, “नको आत्या. मी सांगते. तू दारात थांब.” आत्याने आयुष्यात पहिल्यांदा दारात थांबायचं कबूल केलं.

पेंटर खिडकीजवळच्या खुर्चीत एका पाटीवर काम करत होते. दंतवैद्याची पाटी होती आणि ते ‘दंत’ची बाह्यरेषा ओढत होते. धाकटी आत आली तसा त्यांनी ब्रश डबीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना पहिलं कळलं ते हे की तिने रात्री झोप काढली होती. त्यांना बरं वाटलं.

“स्नायूतच थांबलाय बाबा. बाहेर गेला नाही.”

“पण?”

“पण एका वाहिनीत सापडलाय. थोडासा.”

“तू पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग आहे,” पेंटर म्हणाले.

त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली नाही. दुसऱ्या कुणाला दाखवू या असं म्हटलं नाही. रविवारपर्यंत ज्या नकाराला सगळं घर टेकीला आलं होतं, तो त्यांनी एका वाक्यात सोडला. ठीक आहे, उद्या डॉक्टरांना हो म्हणून कळवा, थोरल्याला सांगा लाल शाई वाया गेली नाही. दारामागे आत्याने जोरात नाक ओढलं. स्वयंपाकघरात आईने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

पेंटरांना भीती वाटत होती. ती त्यांनी लपवली नाही. हात पालथे करून ते आपल्या बोटांकडे बघत राहिले, मग विचारलं की पहिल्याच सलाइनला जातात का. धाकटीने सांगितलं की नाही, हळूहळू, आणि सगळ्यांची जातातच असंही नाही, डॉक्टर मात्रा कमी करू शकतात.

“एक अट आहे,” ते म्हणाले. “सलाइनला तू माझ्याबरोबर यायचंस. पण तिथे सुई नीट लागली का, बाटलीवर नंबर कुणाचा, हे बघायचं नाही. कामावर आल्यासारखं यायचं नाही. नुसतं बसायचं.”

“बसेन.”

“जमेल?”

“नाही जमलं तर सांगा.”

त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि पाटीवरून फिरवावीत तशी आपली बोटं तिच्या तळव्यावरून फिरवली. अंगठ्याच्या आतल्या बाजूला ती थबकली.

“इथे घट्टा आहे तुला.”

“चिमट्याचा आहे. बरीच वर्षं आहे.”

“मला माहीतच नव्हतं,” पेंटर म्हणाले. “ताईलाही आहे का?”

“आहे ना,” आत्या दारातूनच म्हणाली.

त्यांनी तिलाही आत बोलावलं आणि दुसरा हात पुढे केला. आत्याने तो धरला. घट्टा कुठे आहे ते तिने दाखवलं नाही. त्यांना शोधू दिला.